ज्योतीराम वाठारकरांचा हँग होणारा लॅपटॉप

लॅपटॉपने नम्रपणे विचारलं आणि वाठारकरांनी नम्रपणे 'हो' म्हटलं. या सगळ्या प्रकरणात त्यांचा अपराध एवढाच. बाकीचा इतरांनी मिळून केला.

विचारणारा चौकोन मोठा आदबशीर होता. फर्मवेअरची नवी आवृत्ती आली आहे, आता बसवू की नंतर आठवण करू, असा त्याचा इंग्रजी मजकूर. नंतर आठवण करायला सांगणं म्हणजे समोरच्याला पुन्हा हेलपाटा घालायला लावणं. चाकणच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये वाठारकरांनी तेहतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसून काढली होती, आणि खिडकीशी आलेल्या माणसाला 'नंतर या' म्हणायला त्यांची जीभ एकदाही रेटली नव्हती. त्यांनी 'हो' दाबलं. पडदा काळा झाला, एक पांढरी रेघ गोगलगायीसारखी डावीकडून उजवीकडे गेली, यंत्र दोनदा बंद होऊन दोनदा चालू झालं आणि सगळं होतं तसं दिसू लागलं. फर्मवेअर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते बसल्यावर आपल्याला काहीच वेगळं वाटत नाही, यात दोष फर्मवेअरचा की आपला, याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला.

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी लॅपटॉप पहिल्यांदा हँग झाला. 'तो खिडकीबाहेर पाहू लागला' एवढं वाक्य लिहून वाठारकर स्वतःही खिडकीबाहेर पाहू लागले होते. खाली तळवड्याच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती, ती नेहमीच असते. वळून बघतात तो पडद्यावरचा बाण जागच्या जागी. माउस हलवला, बाण ढिम्म. कळफलकावर बोट ठेवलं, अक्षर उमटेना. शेवटी त्यांनी तळहात जोडून एक मिनिट वाट पाहिली, मग बटण दाबून धरलं आणि बंद करून चालू केला. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. रात्रीच्या जेवणापर्यंत पाच वेळा.

आता ते वाक्य कशातलं, हे सांगणं भाग आहे. वाठारकरांना ते कुणालाच सांगायचं नव्हतं. ते गेली तीस वर्षं चोरून कथा लिहीत. चोरून म्हणजे बायकोपासूनसुद्धा. साधनाबाईंना वाटतं की आपण सोसायटीची पत्रं टाईप करतो, असं वाठारकरांना वाटत असे. एकोणीस कथा लिहून झाल्या होत्या आणि त्यातली एकही त्यांनी कुठे पाठवली नव्हती. यंदा जुलैत, ताप उतरत असताना, माणसाच्या हातून जे होऊ नये ते झालं. चिंचवडमधून निघणाऱ्या एका लहानशा दिवाळी अंकाला त्यांनी विसावी कथा ईमेलने पाठवून दिली. तीही शेवटाशिवाय. शेवट सुचत नव्हता, आणि अपुरी कथा नापसंत झाली तर ती अपुरी होती म्हणून, असं स्वतःला सांगायला जागा राहते.

संपादकांचा फोन आला तेव्हा वाठारकर उभे राहिले.

"वाठारकर, मी कथा घेतोय," संपादक म्हणाले. "छान आहे. पण त्या माणसाचं पुढे काय होतं? शेवट पाठवा. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. सोमवारी अंक छपाईला जातो. नाही आला तर तुमच्या पानांवर मला मसाल्याची जाहिरात टाकावी लागेल, ते लोक रोज फोन करतायत."

एकोणसत्तराव्या वर्षी पहिल्यांदा छापून येण्याची वेळ, आणि मधे उभी एक मसाल्याची जाहिरात. त्या दिवसापासून वाठारकरांनी भाजीत मसाला कमी घालायला सांगितला.

कथा साधी होती. कंपनीच्या बसने रोज चाकणला जाणारा एक माणूस एके दिवशी गेटवर उतरतच नाही. बाकीचे उतरतात, हा बसून राहतो. बस पुढे निघते. तो खिडकीबाहेर पाहू लागतो. इथवर अकरा पानं. मग तो उतरतो कुठे, हे काही वाठारकरांना ठरवता येत नव्हतं. आळंदीला उतरवला तर वैराग्य आल्यासारखं वाटे. देहूला उतरवला तरी तेच. पुणे स्टेशनवर उतरवला तर तो पळून चाललाय असं वाटे, आणि तो पळून जाणाऱ्यांतला नव्हता. असा विचार करत बसावं, आणि वळून बघावं तर बाण थिजलेला.

बुधवारी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या वर्षालीला बोलावलं. ती तळवड्याच्याच आयटी पार्कमध्ये नोकरीला. त्या दिवशी तिचं काम घरून होतं. येण्याआधी वाठारकरांनी कथेची फाईल बंद केली, मग ती बंद झाली आहे याची दोनदा खात्री केली.

"फर्मवेअर अपडेट केलंत? काका, कुणी सांगितलं होतं?"

"त्यानेच विचारलं."

"ते विचारतंच हो! सगळ्यांना हो म्हणायचं नसतं." ती खुर्चीत बसली. "फर्मवेअर म्हणजे कसं, सकाळी जाग आल्यावर आपण कोण आणि आपलं घर कुठलं हे मशीनला ज्यामुळे आठवतं ना, ते."

मग तिची बोटं कळफलकावरून अशी धावली की वाठारकरांना स्वतःच्या बोटांची लाज वाटली. तिने गाणं लावलं, व्हिडिओ चालवला, दहा खिडक्या उघडल्या, पाऊण तास यंत्राला उसंत दिली नाही. लॅपटॉप एकदाही थांबला नाही.

"चालतोय की मस्त," ती म्हणाली आणि कॉल आहे म्हणून पळाली. जिन्यावर तिची पावलं वाजत होती तेवढ्यात वाठारकर बसले, फाईल उघडली, चष्मा काढून पुसला आणि डोळ्यांवर चढवला. बाण थिजला होता.

या प्रकाराने त्यांचं मन फार कष्टी झालं. यंत्र बिघडणं वेगळं आणि यंत्राने आपल्यालाच नेमकं ओळखून असं वागणं वेगळं.

संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये ही बातमी गेनबा येळवंडेंपर्यंत पोचली. गेनबा सोसायटीचे अध्यक्ष. मूळचे चाकणजवळच्या गावचे. ज्या गेटमधून वाठारकर तेहतीस वर्षं आत गेले, ते गेट गेनबांच्या कांद्याच्या वाफ्यावर उभं होतं. त्यामुळे त्या कंपनीत जे काही झालं त्यावर आपला थोडा हक्क आहे, आणि पर्यायाने वाठारकरांवरही, असं ते धरून चालत.

"आमची इहिरीवरची मोटर अशीच करायची," गेनबा म्हणाले. "ऊन लागलं की बंद. मी काय केलं, खाली वलं पोतं टाकलं. धा वर्सं चालली, ज्योतीरामराव."

"पण हा लॅपटॉप आहे."

"व्हय, पर करंट तोच हाय ना?"

करंट तोच होता, म्हणून वाठारकरांनी घरी जाऊन लॅपटॉपखाली ओला पंचा घातला. लॅपटॉप तरीही थांबला. पंचा वाळला, एवढाच फरक.

गुरुवारी ते चिंचवडच्या सर्व्हिस सेंटरला गेले. टोकन एकशे चौदा. काउंटरवर नेहा नावाची मुलगी होती, तिचं नाव तिच्या छातीवर लिहिलेलं होतं. तिने फॉर्म दिला. 'दोषाचे वर्णन' या मथळ्याखाली दीड ओळ जागा. वाठारकरांनी तिथे आधी पेन्सिलीने कच्चं लिहिलं, मग तेच पेनने पक्कं केलं.

"सर, प्रॉब्लेम दाखवा," नेहा म्हणाली.

"तो आपोआप होतो. बोलावून येत नाही."

"मग आम्ही टेस्ट लावतो. दोन तास बसा."

टेस्ट म्हणजे लॅपटॉपला दोन तास अखंड राबवणं. तो राबला. एकदाही थांबला नाही. पावतीवर छापून आलं, 'ग्राहकास दोष दाखवता आला नाही.' आयुष्यात छापून आलेलं स्वतःविषयीचं पहिलं वाक्य वाठारकरांनी दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

आतल्या माणसाने तोवर लॅपटॉपचं पोट उघडून पाहिलं होतं.

"सर, यातली ड्राइव्ह आमची नाही," नेहा म्हणाली. "बाहेरून बदललीये."

ते खरं होतं. दीड वर्षापूर्वी मूळची हार्ड डिस्क करकरू लागली तेव्हा तळवडे चौकातल्या सिद्धेशने ती काढून दुसरी ड्राइव्ह बसवली होती. ड्राइव्ह म्हणजे लॅपटॉपची कोठी, सगळं त्यातच असतं.

"नवीन फर्मवेअर फक्त आमच्या ओरिजिनल ड्राइव्हवर तपासलेलं आहे."

"मग जुनं फर्मवेअर परत बसवता येईल का?"

"मागे जाता येत नाही, सर."

वाठारकरांनी मान डोलावली. एकोणसत्तराव्या वर्षी हे तत्त्व म्हणून त्यांना मान्यच होतं. ओरिजिनल ड्राइव्ह बसवून आणा मग बघू, असं ठरलं आणि एकशे पंधरा नंबर पुकारला गेला.

शुक्रवारी सकाळी सिद्धेशने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच कंपनीची तिसरी ड्राइव्ह काढली. "काका, ही लावून बघू. ट्रायलला. माल परत घेतो, टेन्शन नाही." जुन्यातलं सगळं नव्यात भरायला दोन तास लागले. त्या दोन तासांत लॅपटॉप आज्ञाधारक मुलासारखा वागला. घरी आल्यावर वाठारकरांनी 'तो खिडकीबाहेर पाहू लागला' च्या पुढे 'आणि' लिहिलं. 'आणि'च्या पुढे काय, याचा विचार करायला ते छताकडे बघू लागले, आणि तिसऱ्या ड्राइव्हनेही मान टाकली.

आता एकच उपाय उरला. मूळ हार्ड डिस्क. ती करकरत असे, पण करकर हीसुद्धा एक प्रकारची हालचाल आहे. ती बिस्किटांच्या डब्यात सापडली. ती घेऊन वाठारकर खाली उतरले आणि तिथे त्यांची गाठ समाधानशी पडली.

समाधान गिराम परभणीकडचा. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता. वय पस्तीस. दोष दिसला की त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसे. सोसायटीत राहायला आल्यापासून त्याने पार्किंगमध्ये पिवळे पट्टे मारले होते, झाडूला भिंतीवर जागा नेमून दिली होती, आणि जी वस्तू नको किंवा जिच्याबद्दल शंका आहे तिला लाल चिठ्ठी बांधायची, अशी शिस्त लावली होती.

"काका, काय करायलाय लॅपटॉप?"

वाठारकरांनी सांगितलं. समाधानचे डोळे चमकले.

"म्हंजी मधूनच यायलाय आन् मधूनच जायलाय. लई डेंजर दोष असतोय ह्यो. आन् तुम्ही एकाला एक पार्ट बदलत सुटलात? काका, तुम्ही तर कंपनीतले. असं करत्यात का? आधी डेटा, मग पार्ट." त्याने त्यांच्या हातातली हार्ड डिस्क घेऊन उलटसुलट करून पाहिली. "ही संशयित हाय. मिक्स व्हायला नको." आणि खिशातून लाल चिठ्ठी काढून तिच्यावर 'संशयित – तपासणी बाकी' असं लिहून बांधली, आणि ती सोसायटीच्या ऑफिसात कोपऱ्यात ठेवली. "उद्या चेकशीट लावू."

चेकशीट म्हणजे रकाने आखलेला कागद. शनिवारी समाधान दुपारभर वाठारकरांच्या शेजारी स्टूल घेऊन बसला. वेळ, घटना, आणि 'ऑपरेटर त्या वेळी काय करत होता' असे तीन रकाने. वाठारकरांना आयुष्यात कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं, त्यांच्या लग्नातही नाही. पडद्यावरचा मजकूर दिसू नये म्हणून त्यांनी अक्षरं इतकी बारीक केली होती की त्यांना स्वतःलाही दिसेनात. सात वेळा लॅपटॉप थांबला. समाधान कागद घेऊन गेला.

त्याच दुपारी सोसायटीची साफसफाई होती. ऑफिस झाडायला गेनबा जातीने उभे होते. लाल चिठ्ठी बांधलेल्या पाच वस्तू निघाल्या. मोडकी खुर्ची, गंजलेली बादली, गणपतीच्या मांडवाचा फोकस, एक कुकर आणि एक हार्ड डिस्क. लाल चिठ्ठीची वस्तू ठेवायची नाही, हे समाधानने दोन मीटिंगांत बजावलं होतं. 'संशयित' आणि 'नको' या दोन चिठ्ठ्यांचा रंग त्याने एकच ठेवला होता, एवढं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पाचही वस्तू भंगाराच्या टेम्पोत चढल्या.

"आरं, तूच म्हणला व्हतास ना लाल म्हंजी भंगार?" धावत आलेल्या समाधानला गेनबा म्हणाले.

"लाल म्हंजी थांबा, अण्णा! थांबा!"

"मग थांबा लिवायचं की रं. आमी टेम्पो थांबवला आस्ता."

समाधानने डोक्याला हात लावला. मग वही काढून 'चिठ्ठीचा रंग बदलणे' अशी नोंद केली, आणि त्याला बरं वाटलं. वाठारकरांना मात्र बरं वाटायचं काही कारण नव्हतं. मूळ ड्राइव्ह गेली, तिसरी थिजते, दुसरी थिजते, आणि उद्या रविवार.

रविवारी अकरा वाजता सोसायटीच्या ऑफिसात सभा बसली. समाधान, गेनबा, वर्षाली, आणि टेबलावर लॅपटॉप. वाठारकर टेबलापासून जरा लांब, रुग्णाच्या नातेवाइकासारखे. भिंतीवर पांढरा फळा होता. गणपतीत कुणीतरी त्यावर न पुसणाऱ्या पेनाने 'महाप्रसाद – पुरी, बटाटा भाजी, शिरा' लिहून ठेवलं होतं. ते पुसलं जात नसल्यामुळे सोसायटीचं सगळं कामकाज शिऱ्याच्या अवतीभवती चाले.

"आता पाच वेळा 'का' विचारायचं," समाधान म्हणाला. "पाचव्याला मूळ कारण सापडतंय. कंपनीत आमची पद्धत हाय. पहिला का. लॅपटॉप का थांबतोय?"

वर्षालीने चेकशीट वाचलं आणि ती सरळ बसली. "अरे, हे बघितलं का? टायपिंग चालू असताना शून्य वेळा. थांबला तेव्हा काका काय करत होते, ऐका. खिडकीबाहेर बघत होते. चष्मा पुसत होते. कपाळ चोळत होते. छताकडे बघत होते. परत छत. नख बघत होते. डोळे मिटून बसले होते."

तिने टाळी वाजवली. "मला कळलं! काम नसलं की ड्राइव्ह झोपते. आपली मूळ ड्राइव्ह असली की फर्मवेअर तिला हाक मारून उठवतं. पण ही बाहेरची आहे, हिला हाक मारायचं नवीन फर्मवेअर विसरलंय. म्हणून माझ्याकडे नाही झालं, सर्व्हिस सेंटरला नाही झालं! आम्ही तिला झोपूच दिलं नाही. एक सेटिंग आहे, मी आत्ता..."

"थांबा ताई," समाधान म्हणाला.

"अरे, दोन मिनिटांचं काम आहे."

"मूळ कारणाच्या आधी उपाय करायचा न्हाई. तेच तर चुकतंय लोकांचं. बसा." त्याने फळ्यावर लिहिलं. "एक, ड्राइव्ह झोपते. दुसरा का. का झोपते? काम नसतं. तिसरा का. काम का नसतं?"

"काका टायपिंग थांबवतात," वर्षाली चरफडत म्हणाली.

"बराबर. चौथा का. काका, टायपिंग का थांबवता?"

सगळे वळले. वाठारकरांना खिडकीच्या आतली ती जुनी खुर्ची आठवली, जिथे कुणी त्यांना काही विचारत नसे, फक्त माल मागत असे.

"विचार करतो," ते म्हणाले.

"कशाचा?"

आता खोटं बोलावं लागणार होतं, आणि ते त्यांना कधी जमलेलं नव्हतं. त्यांनी सांगितलं. कथा, बस, अकरा पानं, संपादक, सहा वाजता, मसाला. एवढं सलग ते गेल्या दहा वर्षांत बोलले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा.

मग गेनबा म्हणाले, "ती बस आमच्या शेतावरनं जाती."

"कथेतली आहे, अण्णा."

"आसंल. पर रस्ता तोच ना?"

समाधानला वेगळीच चिंता होती. "फर्स्ट शिफ्ट हाय का त्याची? न सांगता गैरहजर राहिला तर मेमो निघतंय काका. ते येऊ द्या कथेत."

"त्याने एचआरला मेल टाकायला पाहिजे," वर्षाली म्हणाली. "आणि त्याला बर्नआउट झालंय, ते तुम्ही लिहिलंय का? तो उतरतो आणि रिझाईन करतो. संपलं."

"रिझाईन करून खायचं काय?" समाधान म्हणाला. "घरी ईएमआय असंल त्याचा."

"आरं, तो डेपोत उतरतोय," गेनबा म्हणाले. "बस समदे उतरल्याव डेपोत जाती. दुसरीकडं कुटं जाईल? डायवर म्हणंल, ए बाबा, उतर. त्यो उतरंल. ह्यात कोडं काय हाय?"

वाठारकर खुर्चीत खचत गेले. तीस वर्षं ज्याची भीती वाटली ते हेच होतं. लोक वाचतील आणि मतं देतील. पण गंमत अशी की मतं देताना त्यांच्याकडे कुणी बघतच नव्हतं. तिघंही त्या बसमधल्या माणसावर हमरीतुमरीवर आली होती, जणू तो बी विंगमध्ये राहायला होता.

"गप बसा सगळे," समाधान शेवटी म्हणाला. "पाचवा का राहिला. काका, विचार का करता? म्हंजी एवढा?"

"काहीही लिहिलं तरी," वाठारकर म्हणाले, "कुणीतरी म्हणेल की असं नसतं."

समाधानने मान हलवली, पेन उघडलं आणि जागा शोधून फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. वाठारकरांनी वाचलं, 'मूळ कारण – ऑपरेटर शेवटाला घाबरतो'. त्याच्याच खाली 'शिरा' होतं. वर्षालीने फोटो काढला आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर गेलासुद्धा. दोषाची नोंद त्यांच्या नावावर आठवड्यात दुसऱ्यांदा झाली, या वेळी छत्तीस फ्लॅटांदेखत.

"आता उपाय," समाधान म्हणाला. वर्षालीने तोंड उघडलं. "लॅपटॉपवर न्हाई ताई. मूळ कारणावर. काकांनी हात थांबवायचा न्हाई. अण्णा, तुम्ही शेजारी बसा. हात थांबला की म्हणायचं, 'मग?' एवढंच. सल्ला द्यायचा न्हाई."

वर्षाली कपाळाला हात लावून जेवायला घरी गेली.

जेवणानंतर दोन वाजता ऑफिसातच काम सुरू झालं. गेनबांनी हे काम मनापासून केलं. लहानपणी गोठ्यात आज्याकडून गोष्टी ऐकताना त्यांनी हाच शब्द हजार वेळा वापरला असावा.

"तो खिडकीबाहेर पाहू लागला आणि," वाठारकरांनी लिहिलं.

"मग?"

"आणि त्याला दिसलं की..."

"मग?"

हात थांबू द्यायचा नाही म्हणून वाठारकर वाटेल ते लिहीत गेले. माणूस आळंदीला उतरला. मग परत बसमध्ये चढला. पुन्हा उतरला. चहा प्यायला. मोशीला टोल लागला. पावणेतीन तासांत त्या माणसाने जितका प्रवास केला तितका वाठारकरांनी नोकरीतही केला नव्हता. लॅपटॉप एकदाही थिजला नाही. चार पानं झाली आणि चारही पानं टाकाऊ होती. पावणेपाच वाजले.

"मग?" गेनबा म्हणाले. आवाज बसत चालला होता.

"मग काही नाही," वाठारकर म्हणाले. त्यांनी हात मांडीवर घेतले. बाण थिजला.

दारात साधनाबाई चहाची किटली आणि कप घेऊन उभ्या होत्या. त्या केव्हापासून उभ्या होत्या, कुणास ठाऊक. त्यांनी फळ्याकडे बघितलं, तिथे लिहिलेलं वाचलं, आणि कप मांडले.

"बसमधला माणूस ना?" त्या म्हणाल्या. "तो घरी येतो."

"म्हंजी?" समाधान म्हणाला.

"ते चाकणहून परत येतात. रिकाम्या बसमधून. सकाळी दहा वाजता. दार वाजलं, मी उघडलं, तर हे डबा हातात घेऊन उभे. म्हणाले, ताप आहे. मी कपाळाला हात लावला, कपाळ गार." त्यांनी चहा ओतला. "अठ्ठ्याण्णव साल असेल."

वाठारकर बायकोकडे बघत राहिले. हे त्यांनी कुठेही लिहिलं नव्हतं. कथेतही नाही, स्वतःपाशीही नाही. सगळे उतरल्यावर त्या दिवशी ते बसून राहिले होते, का ते त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं.

"मग?" गेनबा म्हणाले. हा 'मग' उपायातला नव्हता.

"मग काय? चहा टाकला. डबा त्यांनी घरीच खाल्ला."

"काकू, पण तुम्ही का विचारलं न्हाई?" समाधानचा हात नकळत पेनाकडे गेला.

"'का' राहू दे फळ्यावरच," साधनाबाई म्हणाल्या. "चहा घ्या."

वाठारकरांनी लॅपटॉप बंद करून चालू केला. गेनबांना त्यांनी हाताने थांबवलं. मग लिहायला लागले. पाच वाजून दहा मिनिटांपासून पाच वाजून पस्तीस मिनिटांपर्यंत त्यांचा हात थांबला नाही, आणि कुणी 'मग' म्हणालं नाही. सगळे उतरल्यावर बस वळली. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि गाडी तशीच पुढे काढली. घराजवळच्या स्पाइन रोडच्या वळणावर तो माणूस उतरला. घराचं दार उघडणाऱ्या बाईने त्याच्या कपाळाला हात लावला आणि स्वयंपाकघरात गेली. एवढंच. पाऊण पान.

पाच बावन्नला ते संपादकांना गेलं. सहा वाजून तीन मिनिटांनी उत्तर आलं. 'पोचलं. मसाला पान ४१ वर ढकलला.'

गेनबांनी वाचून दाखवायला सांगितलं. वाचून होईपर्यंत त्यांचा चहा संपला. मग म्हणाले, "आसं व्हतं खरं." आणि कप उलटा ठेवून ते निघून गेले. समाधानने वहीत 'उपाय परिणामकारक' असं लिहिलं, आणि खाली सही मागितली. वाठारकरांनी ती केली.

सोमवारी सकाळी ऑफिसला जाता जाता वर्षाली आली. उभ्या उभ्या तिने दोन खिडक्या उघडल्या, एका चौकोनातली खूण काढली आणि म्हणाली, "झालं. आता ड्राइव्ह झोपणार नाही. काल हेच सांगत होते." तिला सव्वादोन मिनिटं लागली. वाठारकरांनी घड्याळ लावलं होतं.

ती गेल्यावर ते स्वयंपाकघरात आले. साधनाबाई भाजी निवडत होत्या.

"तुला माहीत होतं? मी लिहितो ते?"

"सोसायटीची पत्रं एवढी नसतात."

ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मेथीची अर्धी जुडी संपली.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "तू का विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर," साधनाबाई म्हणाल्या, "तुम्ही अजून दारातच उभे असता."